होमस्कूलिंग: व्याकरण कधी सुरू करायचं?

शाईचा डाग

मंडळी, सल्ला हवाय. लेक साडेसहा वर्षांची आहे, शाळेत घातलेली नाही, घरीच शिकवतो आम्ही. वाचनाची गाडी रुळावर आहे. हाताला लागेल ते वाचते, जोडाक्षरांपाशी अडखळते पण सोडत नाही. लिहायचा मात्र कंटाळा. दोन ओळी झाल्या की हात दुखायला लागतो.

तर व्याकरण कधी सुरू करायचं? तिच्या वयाची शाळेत जाणारी मुलं 'वचन बदला', 'लिंग बदला', 'नामे अधोरेखित करा' असलं काहीबाही करताना दिसली की मला धाकधूक होते. सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचं म्हणणं, विभक्तीचे प्रत्यय आत्ताच पाठ करून घे, या वयात पटकन होतात, पुढे मुलं ऐकत नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, दहा वर्षांची होईपर्यंत विषयच काढू नकोस. मी दोघांच्या मध्ये.

आणि एक. बोलताना ती अजून 'मी करलं', 'ससाला गवत दिलं' असं म्हणते. व्याकरण शिकवलं नाही म्हणून होतंय का हे?

गोधडी

मलाही हाच प्रश्न आहे. माझा मुलगा सात पूर्ण. वाचतेय.

तिरकी रेघ

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे.

'करलं' हे तिने घरात कुणाकडून ऐकलं असेल? शक्यता कमीच. मग आलं कुठून? मारलं, धरलं, भरलं, चरलं ऐकून ऐकून तिने स्वतःच नियम बांधला आणि 'कर'ला लावून टाकला. अपवाद आपल्या भाषेने करून ठेवलाय, तिने नाही. 'केलं', 'गेलं', 'प्यायलं' हे कानावर पडत राहिलं की आपोआप जागेवर येतं. 'करलं नाही गं, केलं म्हण' असं दर वेळी अडवू नका. 'अगंबाई, एकटीने केलंस?' एवढं म्हणायचं. योग्य रूप कानावर पडतं आणि तिची गोष्टही तुटत नाही.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवायचं: हा एक 'वग'. मग तसेच दोन दाखवायचे आणि विचारायचं, आता हे दोन काय? बहुतेक मुलं सरळ 'वग्ज' म्हणाली. जगात नसलेल्या शब्दाचं अनेकवचन कुणी पाठ करून घेतलेलं असणं शक्यच नव्हतं, म्हणजे नियम त्यांच्या डोक्यात आधीच होता.

मराठीत हे करून बघा, जास्त मजा येते कारण आपल्याकडे लिंगं तीन. हा एक टिमका, असे दोन? ही एक फुरकी, अशा दोन? हे एक गुबडं, अशी दोन? माझ्या मुलाने सहाव्या वर्षी टिमके, फुरक्या, गुबडी अशी धडाधड उत्तरं दिली, आणि वर 'टिमक्याला काय खायला देतात?' असं विचारलं. म्हणजे सामान्यरूपसुद्धा, प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो ते! टिमकाला नाही, टिमक्याला. नाव माहीत नाही, पण काम येतंय.

शाईचा डाग

आत्ता करून आले. टिमके, फुरक्या बरोबर. गुबडंचं 'गुबडे' केलं. आणि 'टिमकाला' म्हणाली, ससाला म्हणते तसंच.

तिरकी रेघ

मग ते अजून बसतंय. बसू द्या. ससा-सशाला तर मोठ्यांचीही परीक्षा घेणारं आहे, स चा श होतो त्यात. गोष्टी मोठ्याने वाचून दाखवत राहा, हा त्यावरचा खरा उपाय.

बोरू

मी थोडा विरोधी सूर लावतो. अनेक वर्षं मराठी शिकवलं आहे.

हल्ली 'मुलांना आपोआप येतं' हे इतक्या सहज म्हटलं जातं की शिकवण्याची गरजच काय असं वाटावं. बोलणं आपोआप येतं, मान्य. लिहिणं आपोआप येत नाही. नाम म्हणजे काय हे कळायला दहा वर्षं थांबायची गरज नाही. नावं ठेवणं हा मुलांचा आवडता उद्योग. पक्ष्यांची नावं, गाड्यांची नावं, डायनासोरची नावं तोंडपाठ असतात, मग शब्दांच्या जातींनी काय घोडं मारलंय? शिवाय सासूबाईंचं पाठांतराचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. 'स, ला, ते. स, ला, ना, ते' तालावर म्हणायला मुलांना आवडतं. अर्थ मागाहून भरतो.

उंटावरचा शहाणा

बोरूकाका, डायनासोर आणि नाम यात एक फरक आहे. डायनासोर चित्रात दिसतो. नाम दिसत नाही.

मी म्हणतो ते पटत नसेल तर सात वर्षांच्या आतल्या एखाद्या मुलाला विचारून बघा: 'साप' आणि 'फुलपाखरू', यातला लांब शब्द कुठला? बरीच मुलं बेधडक 'साप' म्हणतात. का? साप लांब असतो! जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या परंपरेतल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात लहान मुलांना लांब शब्द सांगायला सांगितले, तर आगगाडी असं उत्तर आलं, कारण तिला खूप डबे असतात. त्या वयात शब्द ही काचेची खिडकी असते. मूल त्यातून पलीकडचं बघतं, काचेकडे बघत नाही. आणि व्याकरण म्हणजे तर काचेकडे बघणं. ज्याला काच दिसतच नाही त्याला तिच्या जाती शिकवून तो फक्त आपल्याला खूश करणारी उत्तरं पाठ करेल.

म्हणून माझ्या मते वयाचा आकडा हा चुकीचा निकष आहे. साप-फुलपाखरू हा निकष घ्या. ज्या दिवशी मूल बोटं मोजून 'साप दोन, फुलपाखरू पाच' म्हणेल, त्यानंतर शब्दांबद्दल बोलण्यात अर्थ. काहींचं सहाव्या वर्षी होतं, काहींचं आठव्या.

बोरू

साप-फुलपाखरू आवडलं. पण यावरून थांबा असं कसं निघतं? अक्षरं मोजायचे खेळ खेळून काच दाखवता येते की. वाचायला शिकताना मूल हेच शिकतं.

उंटावरचा शहाणा

ते मान्य. वाचायला लागलेली मुलं हे लवकर ओळखतात, हे खरं आहे. माझा आक्षेप पाठांतराला आहे. पाठ झालेला तक्ता आणि समजलेला तक्ता बाहेरून सारखेच दिसतात, हीच पंचाईत. बरं, तुमच्या त्या 'स, ला, ते'कडेच बघा. द्वितीयेचे प्रत्यय तेच आणि चतुर्थीचेही तेच. चौकस मूल विचारणारच की दोन कप्पे कशाला. 'मी सशाला पकडलं' आणि 'मी सशाला गवत दिलं' यात 'सशाला'ची भूमिका वेगळी आहे, पहिल्यात तो कर्म आहे आणि दुसऱ्यात त्याला काहीतरी मिळतंय. हा भेद गोड आहे, पण तो कळायला आधी वाक्य उलगडून बघता यायला हवं. सहाव्या वर्षी तालावर म्हटलेल्या तक्त्यातून तो कळत नाही.

शून्यप्रहर

संशोधनाबद्दल थोडं, कारण हा वाद जुना आहे.

इंग्रजीत लेखन शिकवण्यावर ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी १९६३ मध्ये त्यावेळच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. निष्कर्ष असा की सुटं, औपचारिक व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, उलट त्यात लिहिण्याचा वेळ जातो म्हणून नुकसानही होऊ शकतं. १९७६ मध्ये एली आणि सहकाऱ्यांचा न्यूझीलंडमधला तीन वर्षांचा अभ्यास आला. एका गटाला पारंपरिक व्याकरण, एकाला आधुनिक पद्धतीचं, एकाला अजिबात नाही. लेखनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यातही सुटं व्याकरण नापास. मात्र छोटी वाक्यं जोडून मोठी वाक्यं करण्याचा सराव चांगला ठरला.

तेव्हा नवरोबांना एक गुण.

वाचनवेडी

शून्यप्रहर, एक मिनिट. न्यूझीलंडमधली मुलं किशोरवयीन होती ना? आणि हे सगळं इंग्रजीचं. त्यावरून साडेसहा वर्षांच्या मराठी मुलीबद्दल काय काढायचं? शिवाय तपासलंय ते फक्त लेखन सुधारतं का. व्याकरण शिकायचं एवढंच कारण असतं का? मला लहानपणी वाक्य पृथक्करण करायला कोडी सोडवल्यासारखं आवडायचं. निबंध काही सुधारले नाहीत त्याने, पण म्हणून ते वाया गेलं असं नाही वाटत.

शून्यप्रहर

रास्त मुद्दा. हो, अभ्यास मोठ्या मुलांवरचे आहेत. पण मोठ्या मुलांनाही सुट्या व्याकरणाचा फायदा होत नसेल तर लहानांना तो जास्त होईल असं समजायला काय आधार? आणि दुसरी बाजूही सांगतो. एक्झेटर विद्यापीठात डेब्रा मायहिल यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की व्याकरण प्रत्यक्ष लिखाणाच्या संदर्भात शिकवलं, म्हणजे 'इथे लेखकाने असं वाक्य का केलं असेल' या अंगाने, तर फायदा होतो. तोही आधीपासून बरं लिहिणाऱ्या मुलांना जास्त. म्हणजे आधी थोडं लिहिता यायला हवं. या मुलीला दोन ओळींत हात दुखतोय.

परमुलखातलं पाखरू

माझी बाजू निराळी आहे, ती इथे कुणी मांडत नाहीये.

आमच्या घराबाहेर मराठी अजिबात नाही. मुलगा मराठी ऐकतो ती फक्त आमच्या दोघांची. 'कानावर पडत राहिलं की येतं' हे तुमच्याकडे खरं असेल, आमच्याकडे कानावर पडतंच किती? तो सात वर्षांचा झाला तरी 'माझा आई', 'मी गेला', 'ती पुस्तक' चालू होतं. आजी-आजोबा कौतुकाने हसायचे आणि त्याला वाटायचं आपण विनोदी बोलतोय.

शेवटी मी मुद्दाम शिकवलं. संज्ञा एकही वापरली नाही. घरातल्या वस्तूंवर तीन रंगांची चिकटपत्रं लावली: निळी 'तो', लाल 'ती', पिवळी 'ते'. आरसा निळा, खुर्ची लाल, टेबल पिवळं. मग माझा आरसा, माझी खुर्ची, माझं टेबल. मोठा, मोठी, मोठं. पडला, पडली, पडलं. एकदा ही साखळी त्याच्या लक्षात आली आणि त्याने स्वतःच नवीन वस्तूंना रंग मागायला सुरुवात केली. दाराला पिवळा का निळा यावर तर आम्हा नवराबायकोचंच भांडण झालं, हा म्हणे 'तो दरवाजा' आणि मी म्हणे 'ते दार'. दोन पत्रं लावली शेवटी.

तेव्हा 'दहापर्यंत काढूच नका' हे सगळ्यांना लागू नाही. ज्या मुलाच्या कानावर भाषा कमी पडते, किंवा ज्याला ऐकण्या-बोलण्यात अडचण आहे आणि थेरपी चालू आहे, त्याला नमुने आधीच उघड करून दाखवावे लागतात.

तिरकी रेघ

पाखरू, फार मोलाचं लिहिलंत. आणि बघा, तुम्हीही नमुनेच दिलेत, नावं नाही. माझं म्हणणं तेच आहे: वापर आधी, लक्ष वेधणं मधे, नाव शेवटी. घराप्रमाणे या तिन्हींमधलं अंतर कमीजास्त होईल.

गोधडी

चिकटपत्रं करणार उद्या! माझ्या मुलाने परवा विचारलं, 'खुर्ची बाई आहे का?' मी हसून विषय बदलला. काय सांगायचं असतं?

उंटावरचा शहाणा

अहो, हा प्रश्न आला म्हणजे तुमच्याकडे व्याकरण सुरू झालं! त्याने काच बघितली. त्याला पुढचा प्रश्न विचारा: पाल ती आणि सरडा तो, मग पालींमध्ये बाप नसतात का? मांजर 'ते' का? त्याला स्वतःलाच कळेल की शब्दाचं लिंग आणि प्राण्याचं लिंग ही दोन वेगळी खाती आहेत, कधी जुळतात, कधी नाही. खुर्ची बाई नाही, 'खुर्ची' हा शब्द ती-वाला आहे. सात वर्षांच्या मुलाला हे पुरतं. 'स्त्रीलिंगी' हा शब्द त्याच वेळी सांगितला तरी चालेल, कारण आता तो ज्याला चिकटवायचा ती गोष्ट डोक्यात आहे.

बोरू

हे मला पूर्ण मान्य. प्रश्न आला की नाव द्यावं. माझी भीती एवढीच, की प्रश्न येण्याची वाट बघत बघत काही पालक बारा वर्षांपर्यंत पोचतात. प्रश्न यावेत अशी परिस्थिती तयार करणं हेही शिकवणंच, आणि त्याला तयारी लागते. आई-वडिलांना स्वतःला कर्मणी प्रयोग माहीत नसेल तर मुलाचा प्रश्न समोर आला तरी ओळखू येणार नाही.

उदाहरण देतो. मुलगी म्हणते 'मी चेंडू फेकला, मी काठी फेकली'. कधीतरी विचारेल, मी मुलगी आहे तर 'फेकला' का? 'मी फेकते' म्हणताना क्रियापद माझ्यासारखं आणि 'फेकला' म्हणताना चेंडूसारखं, असं का? इथे 'असंच असतं' म्हटलं की दार बंद. क्रियापद आत्ता कुणाचं ऐकतंय, फेकणाऱ्याचं की चेंडूचं, एवढं बोललात तरी प्रयोगाचा गाभा तिच्या हातात आला. कर्तरी-कर्मणी ही लेबलं चार वर्षांनी लावा, माझी हरकत नाही. पण आधी पालकांनी उजळणी करावी.

शाईचा डाग

बोरूकाका, हे वाचून आधी माझीच उजळणी होणार असं दिसतंय. 'क्रियापद कुणाचं ऐकतंय' हे मला शाळेत कुणी असं सांगितलंच नव्हतं.

दोन प्रश्न. एक, सुरुवात कशापासून? शाळेत नाम, सर्वनाम, विशेषण अशी रांग असते. दोन, शुद्धलेखनाचं काय? 'फुल' लिहिते, 'फूल' नाही. ते आत्ताच धरायला हवं ना?

तिरकी रेघ

पहिल्याला उत्तर: वाक्यापासून. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंचंही हेच म्हणणं होतं, की शब्दांच्या जातींपासून सुरू न करता वाक्यापासून सुरू करावं. कारण जात ही शब्दाच्या कामावर ठरते आणि काम वाक्यातच दिसतं. 'कुणाबद्दल बोलतोय?' आणि 'त्याच्याबद्दल काय म्हणतोय?' हे दोन प्रश्न पुष्कळ दिवस पुरतात.

आणि वर शून्यप्रहरांनी वाक्यं जोडण्याबद्दल लिहिलंय, ते तोंडी सुरू करा, हात दुखायचा प्रश्नच नाही. दोन वाक्यं द्यायची: पाऊस आला. आम्ही आत पळालो. आता एक कर. 'पाऊस आला आणि आम्ही आत पळालो.' दुसऱ्या तऱ्हेने? 'पाऊस आला म्हणून आत पळालो.' अजून? 'पाऊस येताच', 'पाऊस आल्यावर', 'पाऊस येण्याआधीच'. मग विचारायचं, यातलं कोण ओलं झालं असेल? 'येण्याआधीच'वाले कोरडे, 'येताच'वाले थोडे ओले, 'आल्यावर'वाल्यांचं काही सांगता येत नाही. आमच्याकडे यावर अर्धा तास खल होतो. उभयान्वयी अव्यय आणि धातुसाधित हे शब्द अजून उच्चारलेले नाहीत.

वाचनवेडी

दुसऱ्याला मी उत्तर देते. शुद्धलेखन आणि व्याकरण वेगळं ठेवा, दोन्हींची वेळ वेगळी. सध्या अनुलेखन: आवडत्या गोष्टीतलं एकच वाक्य, बघून, नीट. हात दुखायच्या आत थांबायचं. श्रुतलेखन पुढे, आठ-नऊच्या सुमारास. 'फूल' डोळ्याला ओळखीचं झालं की बरंचसं काम होतं.

नियमाकडे मात्र नंतर आवर्जून या, कारण तिथे व्याकरण कामाला येतं. फूल पण फुलाला. सून पण सुनेला. वकील पण वकिलाला. गरीब पण गरिबाला. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, आणि सामान्यरूप झालं की तोच ऱ्हस्व. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचं गणित निराळं, ते आत्ता सोडा. सामान्यरूप म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला एका नियमात शेकडो शब्द सुटतात, ज्याला माहीत नाही त्याने एकेक शब्द घोकायचा. व्याकरणाचा रोजच्या लिहिण्यात रोख फायदा कुठे असेल तर मला वाटतं इथे. पण तो मूल स्वतःहून पानभर लिहायला लागल्यावरचा.

गोधडी

आणि पुढेमागे शाळेत घालायचं झालं तर? तिथे तर व्याख्याच विचारतात.

शून्यप्रहर

व्याख्या हा सगळ्यात सोपा भाग. नऊ-दहा वर्षांच्या, भरपूर वाचलेल्या मुलाला शब्दांच्या आठ जाती कळायला फार वेळ लागत नाही, कारण सगळ्यांची उदाहरणं त्याच्याकडे आहेत. तयारी करायची तर शाळेत घालण्याआधी काही महिने शाळेच्या भाषेत सराव द्या, म्हणजे 'अधोरेखित करा', 'जात ओळखा' हे सूचनांचे शब्द नवे वाटणार नाहीत. त्यासाठी सहाव्या वर्षापासून जीव काढू नका.

बोरू

'फार वेळ लागत नाही' हे भरपूर वाचलेल्या मुलाबद्दल आहे, तेवढं अधोरेखित करा.

शाईचा डाग

सगळ्यांचे आभार. साप-फुलपाखरू विचारलं. लेक म्हणाली, 'साप. पण गुंडाळून बसला तर फुलपाखरू.' म्हणजे काचेचं अजून दूर आहे.

तर सध्याचा बेत असा. तक्ते नाहीत. रोज मोठ्याने वाचन, त्यातलं एक वाक्य बघून लिहायचं, आणि वाक्यं जोडायचा खेळ जेवताना तोंडी. 'करलं'ला अडवायचं नाही. तो-ती-ते वरून प्रश्न आला तर उत्तर द्यायचं आणि जमलं तर नावही सांगायचं. आठ पूर्ण झाल्यावर पुन्हा साप-फुलपाखरू, मग 'कुणाबद्दल' आणि 'काय म्हणतोय'पासून रीतसर. सासूबाईंना 'स, ला, ते' तालावर म्हणून घ्यायचंच असेल तर घेऊ देत, दोघींनाही मजा येईल, मी त्याला अभ्यास म्हणणार नाही.

इंग्रजीचं राहिलं. ते मराठीबरोबर की नंतर?

परमुलखातलं पाखरू

नंतर, असं माझं मत. कर्ता, कर्म, क्रियापद हे एकदा मराठीत पक्कं झालं की इंग्रजीत फक्त जागा बदलतात, क्रियापद शेवटून मधे येतं. दोन्हीकडे एकदमच संज्ञा सुरू केल्या तर नाम आणि नाउन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मुलांना वाटतं. माझ्या मुलाला वाटत होतं.

वाचनवेडी

इथे मी असहमत. इंग्रजी बोलण्यातून येत नसेल, पुस्तकातूनच येत असेल, तर तिथे नमुने लवकर दाखवावे लागतात. तुम्हीच वर मराठीबद्दल हे लिहिलंत! पण त्यासाठी वेगळा धागा काढा, हा आधीच मारुतीचं शेपूट झालाय.